कुटुंब एकत्र की विभक्त?

तू इतकी वर्षं या घरात पाऊल टाकलं नाहीस, आणि तुझा पगार मात्र न विचारता आमच्याकडे राहायला आलाय!

चिरंजीवास आईचा आशीर्वाद, जेवढा उरलाय तेवढा.

तुझ्या मुलीच्या कॉलेजच्या फीमाफीच्या अर्जात विचारलं होतं, कुटुंब एकत्र की विभक्त? मी ‘एकत्र’वर खूण केली. मी, सूनबाई आणि पोरगी एकाच चुलीवरचं जेवतो, मग विभक्त कसे? घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतलात. मी काही सुनेशी घेतलेला नाही.

कारकून म्हणाला, “आजी, एकत्र म्हणजे बापाचाही पगार धरला. फी माफ होणार नाही.”

मी म्हटलं, “बाबा रे, तो पगार तुला कुठे दिसला? मलाही दाखव की.”

रांगेतले सगळे हसले. पोरगी मात्र नखं खात उभी होती.

केलेली खूण बदलता येत नाही म्हणे, म्हणून आता कॉलेजला सोमवारपर्यंत तुझ्या सहीचा कागद हवाय, ‘मी मुलीच्या शिक्षणाला काही देत नाही’ असा. नाहीतर तिची जागा जाईल. खरं तेच लिहायचंय, डोकं चालवायला नको. लिहायची लाज वाटली तर सरळ फी भर, तेही चालेल.

सूनबाई म्हणते, “त्यांच्यापुढे तोंड वेंगाडायचं नाही, आई.” म्हणजे हे पत्र ती टाकू देणार नाही. तरी पत्र मिळालं नाही ही सबब मी ऐकणार नाही. उत्तर तूच द्यायचंस, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. नव्या बायकोचं वळणदार अक्षर मला चालणार नाही.

तुझी आई
(हे नातंही तुझ्या सोयीने मोडत नाही)