बारा पेरांची मिशी

रवि. १४ सप्टें.
सकाळी उत्तनला मोनिकाबायकडे. तिचं लंबकाचं घड्याळ परत मागे पडतंय. दर पावसाळ्यात पडतं, दर पावसाळ्यात मी जातो, मासे खाऊन येतो. बाय चर्चला गेलेली, म्हणून मागच्या वाडीत केळीखाली उकिडवा बसलो, कुजका पाला उलटत. एक मुंगी. फिकट तांबूस, तिळाहून लहान, अंगाला चकाकी अजिबात नाही, पावडर फासल्यासारखी. घड्याळदुरुस्तीचा भिंगाचा लूप डोळ्याला लावला. बाईसाहेबांना डोळेच नाहीत! कपाळ खिडकीच्या छज्ज्यासारखं पुढे आलेलं, आणि त्याच्या टोकाला दोन मिशा, एकमेकींना खेटून.
वीस वर्षं मुंग्या जमवतोय, असलं काही बघितलं नव्हतं. स्पिरिटच्या कुपीत टाकली आणि थेट बस पकडली. घड्याळ राहिलंच. संध्याकाळी बायचा फोन, काटा अजून मागंच हाय.

सोम. १५
लिहायची लाज वाटतेय. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मुंगी काढून बघत होतो. पाठीवर मातीचा कण. मी गाढवाने वाटीत पेट्रोल ओतलं, बारीक ब्रश घेतला आणि धुतली. घड्याळाचा कुठलाही पार्ट समोर आला की हात आपोआप पेट्रोलकडे जातो, तसा गेला. मुंगी लख्ख झाली. मिशा गेल्या. उजवी मुळापासून, डावीची पाच पेरं शिल्लक. वाटी गाळली, ब्रश झटकला, टेबलाखाली टॉर्च घेऊन रांगलो. चहावाला म्हणतो, "चाचा, हीरा गिर गया क्या?"
डबा तसाच परत आणला.

बुध. १७
बंगळूरच्या बाईंना फोटो पाठवले होते. त्या मुंग्यांच्या डॉक्टर, ओळख फक्त व्हॉट्सअॅपवरची. आज त्यांचा फोन. म्हणाल्या, बिनडोळ्यांची आणि छज्ज्याच्या कपाळाची म्हणजे दोनपैकी एक प्रजाती. मिशीत बारा पेरं असतील तर प्रोबोलोमर्मेक्स, फार दुर्मिळ. पेरं कमी आणि शेवटचं टम्म फुगलेलं असेल तर डिस्कोथायरिया. नेमकं तेच तुम्ही धुऊन टाकलंत. हसल्या, पण चांगल्या हसल्या. अख्खी दुसरी आणा, तोवर नाव नाही.
आपली एक तरी मुंगी पुस्तकात जावी, एवढं एकच मागणं आहे माझं. आणि ती माझ्याच ब्रशाने घालवली. नीताला सांगितलं तर बायको म्हणून दोन शब्द धीराचे? छे. "अहो, लोकांचा एक स्क्रू कधी हरवला नाहीत. मुंगीच्या मिशा हरवल्यात."
आमच्या पूनम सागर कॉलनीभर सांगणार ही आता.

रवि. २१
नीताची रव्याची चाळणी घेऊन उत्तन (न विचारता). पांढरा पंचा अंथरून पाला चाळला. गोमा, कोळी, चावऱ्या काळ्या मुंग्या. ती नाही. बाय पायरीवर बसून बघत होती. एवढ्या मुंग्या हायत, हीच कशाला, म्हणे. लूपमधून तुटकी दाखवली. बराच वेळ बघत राहिली.
"आधीच बिचारीला दिसत न्हाय. वरनं तू मिशा काढल्यास."
घरी चाळणीवरून महाभारत. नवी आणायची, जुनी मुंग्यांना, असा तह झाला.

रवि. २८
बायने माझ्यासाठी चार टोपल्या पाला गोळा करून ठेवलेला. प्रेमाने. आणि तुझे हात चिखलात नकोत म्हणून दोन दिवस उन्हात वाळवलेला! त्यात जीव कसला राहतोय. तरी चारही टोपल्या मन लावून चाळल्या. बोंबील फर्स्टक्लास.

रवि. ५ ऑक्टो.
सापडली. सापडली. सापडली.
माडाचा कुजका ओंडका, बायनेच उलटवला. खाली सुपारीएवढी पोकळी, आत सात-आठ जणी. आणि छताला अळ्या टांगलेल्या! प्रत्येकीच्या पोटाला दाराच्या मुठीसारखं बोंड, तेवढ्यावर लोंबकळतायत. असलं काही आयुष्यात...
दोघी घेतल्या, ओंडका होता तसा ठेवला. पडवीत टॉर्च बायने धरली, लूप मी. पेट्रोल नाही, ब्रश नाही, श्वाससुद्धा जपून. मोठ्याने मोजत गेलो. बारा. दुसरी मिशी, बारा. बाय म्हणाली, अजून एकदा मोज. बारा. मग मला रडूच आलं, उगाच. तिने पाठीवर थाप मारली आणि जेवायला वाढलं.
(घड्याळही केलं आज. तेलच हवं होतं.)

गुरु. १६
बाईंना दोघी पोचल्या. प्रोबोलोमर्मेक्स, शंभर टक्के. वर आणखी एक. कमरेच्या गाठीखाली जो काटा आहे, तसा त्यांनी कुठल्याच जातीत पाहिलेला नाही. नवी जात असू शकेल. पण नुसत्या दोन कामकरी मुंग्यांवर शोधनिबंध लिहिणार नाहीत. राणी पाठवा, म्हणाल्या.
दिवसभर गिऱ्हाइकांशी फार गोड वागलो. एकाचा पट्टा फुकट बसवून दिला.

रवि. १९
चिमटा, कुपी, सगळं घेऊन गेलो. ओंडका उचलला. राणी मधोमध. आणि तिला डोळे आहेत, काळे, दोन. घरात एकटीलाच.
चिमटा अगदी जवळ नेला. बायने विचारलं, "ही नेलीस तर बाकीच्यांचं काय?" हळूहळू संपतील, म्हटलं. ती वाकून बाकीच्या एकेक मोजायला लागली, मोठ्याने. चिमटा खिशात. ओंडका खाली.
बाईंना लिहिलं, राणी आणली नाही, एकच आहे. पंखवाल्या नव्या राण्या बाहेर पडतील तेव्हा त्यातली एक पाठवतो. कधी पडतात तेवढं सांगा. वाटलं, आता चिडणार, गेली मुंगी पुस्तकातून.
आत्ता उत्तर आलं. इथे त्या कधी निघतात हे कोणालाच माहीत नाही, कुठे लिहिलेलंही नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा.
मी सांगायचं, त्यांना. नीताला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने फोन हातात घेऊन स्वतः वाचलं.
"पुढच्या रविवारी मी पण येते," म्हणाली.