काचेचा तुकडा आणि खांदा

गुरुवार, दिवेलागण

तळेगावहून कंपनीच्या बसने घरी पोचलो तेव्हाच उजवा खांदा ठणकत होता. तरी चहा अर्धा टाकून परसात गेलोच.

धनुष्य गेल्या हिवाळ्यातल्या जून बांबूचं, मीच केलेलं. गणपतीत दोरी कानापर्यंत ओढत होतो, आज हनुवटीपर्यंतही येईना. मग नेहमीसारखा काचेचा तुकडा घेतला आणि आतली बाजू खरवडत बसलो. नेहमीसारखा! हे लिहितानाही कसंतरी होतंय. बांबू काढता येतो, परत लावता येत नाही, हे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगतो ना?

खरवडल्यावर दोरी अलगद मागे आली. बरं वाटलं. पण बाण पेंढ्याच्या पोत्याच्या अलीकडेच मातीत रुतला. पोतं पुढे ओढून घेतलं. पुन्हा काच हातात.

सुनंदा परस झाडत होती. इतकी वर्षं माझी बायको आहे, पण धनुष्याबद्दल कधी बोलत नाही. आज म्हणाली, "अवो, दुखनं तुमच्या खांद्यात हाय. त्या बांबूला कशापाई सोलताय?"

चिडलोच. दमून आलेल्या माणसाला असलं काही ऐकवू नये. डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. ओढणं बंद करा म्हणेल. मग कामावरून घरी यायचं कशासाठी?

"दिवाळी झाली की दाखवतो खांदा," एवढंच बोललो.

तिने बांबूचा कीस सुपलीत भरला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "तवर बांबू पुरंल का?"