आक्का दरी बघायला गेली

४ ऑक्टोबर

चि. काळजीवाहू सरकारास,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

बातमी अशी की येत्या शनिवारी मी डोंगरात चालले आहे. एक मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. आमच्या गल्लीच्या टोकाला लग्नांचे फोटो काढणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते हौशी लोकांना फोटो काढायला शिकवतात आणि शेवटी एका दरीच्या काठावर नेऊन सोडतात. परत आणतातही, घाबरू नकोस. अकरा जणांत वयाने मीच थोरली.

निवृत्त झाले तेव्हा विभागातल्या मुलींनी कॅमेरा दिला होता, आठवतो? चार वर्षं खोक्यातच होता. तुझ्याकडे यायचं म्हणून सामान आवरायला काढलं, तर हा बांधायचा की कुणाला देऊन टाकायचा, तेच ठरेना. दुसऱ्या दिवशी जाऊन मास्तरांकडे नाव घालून आले. छत्तीस वर्षं मी लोकांचे फोटो काढले, पण सगळे आतले. फुप्फुसं, गुडघे, पोरांनी गिळलेल्या किल्ल्या. आता जरा बाहेरचंही काही काढून बघते.

तुझ्याकडे येण्याचं ठरलंय ते ठरलंय. महिनाअखेरीस घरमालकिणीला घर सोडते म्हणून कळवेन. त्याआधी एवढी हौस भागवून घेऊ दे.

लोभ आहेच, धाक तेवढा आवरता घे.
तुझी आक्का

७ ऑक्टोबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्यात सात चुका सापडल्या. सहा शुद्धलेखनाच्या, सातवी म्हणजे शनिवार. छापखान्यात तीस वर्षं लोकांच्या चुका शोधतोय, पण घरच्या माणसाची अशी चूक पहिल्यांदाच बघितली.

तुला त्रेसष्ट पूर्ण झाली. डावा गुडघा तुझं ऐकत नाही. मागच्या हिवाळ्यात जिन्यात घसरलीस, ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, तेही तुझ्या शेजारणीकडून! आणि आता म्हणे दरी. दरी म्हणजे काय, तर जिथे पडायला भरपूर जागा असते ती.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. लहानपणी विहिरीत डोकावू नको म्हटलं की तू मला धरायला लावून डोकवायचीस. तर निदान एवढं कर. पोचल्यावर फोन, जेवल्यावर फोन, उठल्यावर फोन. गरम मोजे दोन जोड. औषधाची डबी सामानात नको, अंगावरच्या पिशवीत ठेव. काठाजवळ उभं राहायचं नाही. फोटो लांबूनही येतात.

तुझी खोली तयार झाली. माझी पुस्तकांची कपाटं मी पडवीत हलवली. भिंतीला फिका पिवळा रंग दिलाय. ही म्हणते रंग आजारी दिसतो, पण मला वाटतं सकाळचं ऊन आलं की खुलेल. खिडकीशी तुझी खुर्ची बसेल की नाही, तेही मोजून ठेवलंय.

सुखरूप ये. तोवर माझा लोभ जिवाला घोर लावून बसला आहे.
तुझा धाकटा भाऊ

१५ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

मी धडधाकट आहे. हाड मोडलं ते माझं नाही. आता पाणी पी आणि पुढे वाच.

शनिवारी दुपारी पोचलो. उतारावर लाकडी घर, बायकांना एक मोठी खोली, पुरुषांना एक. त्यात एक दंतवैद्य होते. झोपताना त्यांनी भिंतीपलीकडून असा सूर लावला की आम्ही बायकांनी हसून हसून उशा ओल्या केल्या. वर फोनला रेंज नव्हती, म्हणून तुझे तीनपैकी दोन फोन बुडाले. त्याबद्दल मास्तरांना बोल लावू नकोस. हो, मला कळलंय. तू त्यांचा नंबर मिळवून निघण्याआधीच चार वेळा फोन केलास आणि बाईंवर नजर ठेवा म्हणून बजावलंस. बिचारे दोन दिवस माझ्यामागे असे फिरत होते की मंडळी त्यांना माझा जावई समजली. यावरून मी तुझ्याशी वेगळं भांडणार आहे.

रविवारी पहाटे आम्ही वरच्या कड्यावर चढून गेलो. सूर्य दरीतून कसा वर येतो ते टिपायचं होतं. पण वर धुकं इतकं दाट, की स्वतःचा हात लांब केला तर कुणा दुसऱ्याचाच वाटावा. तासभर थांबून सगळे वैतागले आणि चहासाठी खाली निघाले. माझा गुडघा म्हणाला, एकदाच उतरू. मी मास्तरांना सांगितलं की मी इथे दगडावर बसते. त्यांनी दहा वेळा बजावलं, धुक्यात एक पाऊलही टाकू नका, आणि बाकीच्यांना पोचवायला गेले.

आणि भाऊ, ते गेले आणि पाच मिनिटांत पडदा फाटावा तसं धुकं मधोमध फाटलं. आधी खालची नदी दिसली, सुईत ओवलेल्या दोऱ्याएवढी. मग एक पत्र्याचं छप्पर, त्यावर वाळत घातलेली लाल चादर. मग एकाएकी ऊन आलं आणि समोरचा अख्खा डोंगर सोन्याचा झाला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने मोठ्याने म्हटलं, श्वास घ्या, रोखा, हलू नका. डोंगराने ऐकलं. चौदा फोटो काढले. तेरांत माझ्या टोपीची दोरी आली आहे. चौदावा सोबत पाठवते.

मग धुकं पुन्हा मिटलं. चाळीस मिनिटं मी त्या दगडावर एकटी होते. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. शेवटी खालून मास्तरांच्या हाका ऐकू आल्या. ते धावत येत होते, तुझ्या चार फोनांची आठवण ठेवून असणार. माझ्यापासून दहा हातांवर घसरले आणि हातावर पडले. मी बसल्या बसल्या सरकत त्यांच्यापर्यंत गेले. मनगटावर बोटं फिरवली तेव्हाच कळलं, मोडलंय. ते म्हणत होते मुरगळलं असेल. मी म्हटलं, पैज लावता का? त्यांच्या सूचनांची जाड फाइल होती, तिची घडी करून हाताखाली दिली आणि माझ्या स्कार्फने आवळून बांधलं. मग ते मला वाट दाखवत होते आणि मी त्यांना दंडाला धरून आणत होते. कोण कुणावर नजर ठेवत होतं, ते तूच ठरव.

पायथ्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारी मुलगी एकटीच होती. माझ्याने राहवलं नाही, कोपर जरा खाली घ्या म्हटलं. तिने विचारलं, मॅडम तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात असता? मी आपल्या हॉस्पिटलाचं नाव सांगून मोकळी झाले, जशी काही सकाळची पाळी संपवूनच तिथे आले होते. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं की आपण थाप मारली.

आता जे लिहायला चार दिवस लागले, ते लिहिते. मी घर सोडत नाही. रागावू नकोस. तुझ्याकडे मला कसलाही त्रास होणार नाही, आणि तोच मला त्रास होईल. तुझ्या घरातून तू मला शनिवारी जाऊ दिलं नसतंस. तुझा उतरलेला चेहरा बघून मीही चपला काढून आत आले असते. खोली तू किती मायेने केलीस ते मला कळतं, म्हणूनच फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

राग शमला की दोन ओळी लिही. शमला नाही तर रागाच्याच लिही.
तुझी आक्का

२१ ऑक्टोबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. तब्येत उत्तम आहे, फक्त तोंडाला कुलूप आहे. तुमचं पत्र वाचलं, घडी घातली आणि पिवळ्या खोलीत जाऊन बसले. मी दोनदा जेवायला हाक मारली, तर म्हणाले रंग खरंच आजारी दिसतो.

तुम्ही चुकलात असं मला मुळीच वाटत नाही. मीही कधीतरी जाईन म्हणते त्या दरीत. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसावी. सासूबाई घरात पडल्या, त्या दिवशी सकाळी त्यांनी छापखान्यात फोन केला होता. जरा गरगरतंय म्हणाल्या. हे म्हणाले हातातलं पान संपवून येतो. एक पान संपता संपता चार झाली. हे पोचले तेव्हा त्या तासाभरापासून जमिनीवर होत्या. पुढे त्या बऱ्या होऊन सहा वर्षं जगल्या, पण ह्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. मला काल सांगितलं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर. तुमचा फोन एकदा लागला नाही तरी घास का उतरत नाही, ते मला कालच कळलं.

मी त्यांना म्हटलं, आपली मुलगी शिकायला लांब गेली, घर खायला उठतं, म्हणून दुसऱ्याचं घर उठवायचं का? त्यावर वर्तमानपत्र उघडून बसले. पण तुमचा फोटो रात्रीपर्यंत टेबलावर होता आणि ते भिंग लावून बघत होते. मला वाटलं चूक शोधताहेत. तर म्हणाले, ही चादर बघ, वाऱ्यावर उडालेलीसुद्धा आली आहे.

बाकी सर्व क्षेम. मास्तरांच्या हाताला आराम पडो. माझ्यावरची माया अशीच राहू द्या, आणि हे पत्र त्यांना दाखवू नका.
तुमची वहिनी

२३ ऑक्टोबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

हिने तुला लिहिलंय हे मला माहीत आहे. पाकिटावर पत्ता लिहिताना तिने माझंच पेन घेतलं. काय लिहिलं तेही ओळखतो. बरं झालं. माझ्याने ते लिहवलं नसतं.

राग होता. तुझ्यावर कमी, दरीवर जास्त. पण परवा मास्तरांना फोन केला, त्यांच्या हाताची विचारपूस करायला. ते म्हणाले, तुमच्या आक्कांनी मला उतारावरून आणताना दोनदा दटावलं, रडायचं नाही म्हणून. मला एकदम लहानपणी मोडलेला माझा पाय आठवला. तेव्हाही तू असंच दटावलं होतंस आणि मग स्वतः पायरीवर बसून रडली होतीस. मी खिडकीतून बघितलं होतं.

तर मी पुढच्या शनिवारी येतोय. सामान बांधायला नाही. सोबत ड्रिल मशीन आणि तीन स्टीलचे दांडे आणतोय. दोन बाथरूममध्ये, एक जिन्याच्या वळणावर. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडेल अशी बदलायची. दाराची एक किल्ली शेजारणीकडे राहील. यावर मी काही ऐकून घेणार नाही. भिंतीला भोकं पाडायची म्हणून घरमालकिणीची परवानगी काढायला फोन केला होता. त्यांना कुणकुण लागली होतीच. म्हणाल्या, हवी तर भिंत पाडा, पण बाईंना नेऊ नका. तेव्हा घर राहतंय हे त्यांना कळवायचं तुझं काम मी आधीच केलं आहे. हा माझा शेवटचा आगाऊपणा. निदान या महिन्यातला.

पिवळ्या खोलीत तुझी खुर्ची राहील. महिन्यातून चार दिवस येऊन बस, रंगाला नावं ठेव. कपाटं मी पडवीतून परत आणणार नाही. माझी कंबर गेली.

आणखी एक. मास्तर म्हणाले, पुढची सहल डिसेंबरात आहे आणि तू नाव दिलंयस. मला त्यांनी विचारलं, तुम्हीही या ना. आक्का, मला उंचीची भयंकर भीती वाटते. विहिरीपाशी तुला धरून उभा राहायचो तेव्हा माझे डोळे मिटलेले असायचे. तरी मी नाव दिलं आहे. दंतवैद्यांच्या शेजारची खाट मला देऊ नका, एवढंच सांगितलं.

तू वर जाऊन हवे तितके फोटो काढ. मी खाली बसमध्ये थांबेन.

तुझा,
भाऊ