पेपरवरची तीन नावं

१७ ऑगस्ट २००६, गुरुवार

रजत सरांनी आज माझं रजिस्टर पाहिलं. टेबलावर उघडं ठेवून मी पाणी प्यायला गेले होते. परत येते तर हे माझ्याच खुर्चीत बसून पानं उलटताहेत! "मॅडम, हे कुणासाठी करता?"

"असंच," म्हटलं. लायब्ररीतली बाई असंच अडीच हजार नोंदी करते होय!

माझ्या भाचीसाठी, प्रियंकासाठी करते. मार्चमध्ये ह्याच सरांनी तिचा इको पाहून सांगितलं होतं: हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक, लहानपणीच बुजवायला पाहिजे होतं, आता फुप्फुसांतला दाब वाढलाय, आता भोक बुजवलं तर जीव जाईल. "दोन्ही बदलणं हाच उपाय. हार्ट आणि लंग्ज. ते आपल्याकडे कोण करतं?" एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक. पोरगी सतरा वर्षांची. शेजारीच उभी होती. सगळं ऐकत.

भावानं, राजदीपनं, मोठ्या विश्वासानं तिला बारावीसाठी माझ्याकडे यवतमाळला ठेवलंय. मोठी बहीण मेडिकल कॉलेजात आहे, पोरीवर लक्ष राहील! त्या मार्चपासून मी शोधतेय. कोण करतं, कुठे करतं, किती जगतात. हृदय-फुप्फुस बदलण्यावर १९८१ पासून जे जे छापून आलं ते सगळं. वर्ष, देश, जर्नल, पुढे कितीजणांनी त्याचा दाखला दिला. पाच वाजता लायब्ररी बंद झाली की बसायचं, इंटरनेट टिकेल तोवर.

सर म्हणाले, "हा तर पेपर आहे, मॅडम! इंटरनॅशनल पेपर! आपण करू. माझं नाव पहिलं, तुमचं दुसरं."

१८ ऑगस्ट

भात करपला. दुसरं नाव माझं!

५ सप्टेंबर

कॅज्युअल्टीसमोर पुन्हा टीव्हीवाल्यांची गाडी. विष घेतलेला शेतकरी आणला की ह्यांना कसं कळतं देव जाणे. महिन्याचा आकडा विचारतात. दिल्लीहून साहेब येतात, ते आकडा विचारतात. कापसानं जिल्ह्याला देशभर नाव मिळवून दिलं एकदाचं! इथं जो येतो तो मोजायलाच येतो. मी तरी दुसरं काय करतेय.

आलेख पुरा झाला. दोन्ही अवयव एकदम बदलण्यावरचे लेख आधी भराभर चढतात, मग नव्वदीनंतर उतरणीला लागतात. नुसत्या फुप्फुसांवरचे मात्र चढतच राहतात. म्हणजे जे करत होते तेच हळूहळू मागे सरकले. सगळे लेख पाचसहा देशांतले. तीच तीच हॉस्पिटलं, एकमेकांचेच दाखले देतात. आपल्या देशाचा रकाना अर्ध्या पानात संपतो.

सर रोज एकच विचारतात — इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या वजनाचा आकडा, किती? ह्या जर्नलचा किती, त्याचा किती? पेशंट किती वर्षं जगले, असा एक रकाना मी ठेवला होता. "तो काढा. तो आपला विषय नाही."

काढला.

संध्याकाळी प्रियंका विचारते, "आत्या, तू रोज काय मोजून राह्यली?"

"लेख."

"अन् माणसं काहून नाई मोजत?"



२ ऑक्टोबर, नागपूर

दीक्षेला पन्नास वर्षं. एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. प्रियंकाला आणायला नको होतं. दोनशे पावलांत दम लागला, ओठ निळे पडले. पाणपोईच्या मांडवात बसवून ठेवलं, मी आणि राजदीप पाळीपाळीनं दर्शनाला गेलो. ती म्हणे, "मले इथूनच दिसते, आत्या. तू जा." दिसत काहीच नव्हतं.

माझ्या बाबांची आठवण आली. छप्पन साली बाबा, डोमाजी, दिग्रसहून पायी आले होते इथे. मला शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरनं रजिस्टरात नाव लिहिलं 'चिंधी'. तुमच्यात अशीच नावं असतात, म्हणे. बाबा भांडले नाहीत. शाळेच्या ओट्यावर बसले. दिवसभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. तिसऱ्या दिवशी मास्तरनं चिंधी खोडून सत्यशीला लिहिलं. खोडलेलं नाव त्या रजिस्टरात अजून वाचता येतं.

११ नोव्हेंबर

घाई करायची नाही. नीट लिहिते.

सगळ्यात जास्त दाखले ज्या लेखांना मिळालेत ते वेगळे काढून वाचत होते. त्यात एक गट सापडला. एकदोन नाही, चौदा लेख. सगळ्यांचं म्हणणं एकच: दाब वाढलाय म्हणून लगेच दोन्ही बदलण्याच्या यादीत टाकू नका. आधी हृदयात नळी घालून दाब मोजा, ऑक्सिजन द्या, पुन्हा मोजा. दाब उतरला तर भोक अजून बुजवता येतं. प्रियंकाची ही तपासणी झालेलीच नाही! नुसत्या इकोवर निकाल दिला!

छापलेली पानं घेऊन धावत ओपीडीत गेले. सरांनी वरचं एक पान पाहिलं. "बाई, टायटलं वाचून कुणी डॉक्टर होत नाही."

मॅडमची बाई झाले.

आपला पेपर मात्र त्यांनी आजच जर्नलला पाठवला. इंग्रजी माझं, तक्ते माझे, आलेख माझा. पाठवताना मी समोर नव्हते.

२३ जानेवारी २००७

प्रियंका कॉलेजच्या जिन्यावर पडली. मैत्रिणींनी रिक्षात घालून आणलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य — "प्रॅक्टिकल राह्यलं."

आता थांबायचं नाही. मद्रासच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात अशी ऑपरेशनं फुकट होतात. त्यांचा फॉर्म इंटरनेटवर सापडला. डॉक्टरची सही लागते. रजत सरांकडे गेले. फॉर्मला हातही लावला नाही. "उगाच आशा लावू नका पोरीला. मी तिचं निदान केलंय. त्याच्यावर दुसऱ्याकडे पाठवायला मी सही करू?"

२५ जानेवारी

रजा टाकून दिग्रसला गेले. डॉ. रामराव आता ऐंशीला टेकलेत, बाबांना तपासायचे. फॉर्म भरला, खाली इंग्रजीत एकच ओळ लिहिली: ह्या मुलीला कृपया एकदा पाहा. फी विचारली तर म्हणाले, "डोमाजीची नात हाये न?"

जिनिंगवर राजदीपला भेटले. तो काट्यावर बसतो, गाड्यांचं वजन लिहितो. ऐन हंगामात आवारात चार गाड्या. "भाव पाहून लोक कापूस घरीच ठेवून राह्यले, ताई. मालक म्हणते होळीपासून मशीन बंद." फॉर्मवर बापाची सही घेतली. रजिस्टर पोस्टानं पाठवला.

९ एप्रिल, सोमवार

पेपर छापून आला. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर मीच उघडला. तीन लेखक.

पहिले रजत सर. दुसऱ्या डॉ. सलोनी, त्यांच्या पत्नी. त्वचेच्या डॉक्टर आहेत! तिसरे विभागप्रमुख. ह्यांनी आजवर लायब्ररीत पाऊल टाकलेलं नाही.

आभार मानलेत त्यात पाहिलं. टायपिस्टचे मानलेत. तेही नाव न घेता.

तक्ता तीनमध्ये माझा एक स्वल्पविराम चुकलेला, तो तसाच्या तसा छापलाय.

१० एप्रिल

विचारलं. सगळ्या रेसिडेंट पोरांसमोर विचारलं, मुद्दाम.

"मॅडम, मेडिकल जर्नलमध्ये लायब्ररी असिस्टंटचं नाव कसं टाकणार? पेपर रिजेक्ट झाला असता."

"अन् त्वचेच्या डॉक्टरचं चालते?" माझ्या तोंडून घरची भाषा निघाली.

पोरं हसली. कुणाला हसली ते कळलं नाही.

१६ एप्रिल

संपादकांना मेल लिहिला. चार दिवस लागले. रजिस्टरची बावीस पानं स्कॅन करून जोडली. माझं अक्षर, माझ्या तारखा. शेवटी लिहिलं: मला पैसा नको, बढती नको, हे काम कुणी केलं तेवढं खरं छापा. पाठवताना भीती वाटली नाही. बाबा ओट्यावर बसले तेव्हा त्यांनाही असंच वाटलं असेल.

३ मे

एकाच दिवशी दोन गोष्टी.

सकाळी पोस्टमन. मद्रासचं पत्र! ११ जूनला प्रियंकाला भरती करा, तपासणीत जमण्यासारखं असलं तर ऑपरेशन तिथेच. पत्र तिनंच फोडलं, तिनंच वाचलं, आणि मग माझ्या पदरात तोंड घालून इतकी रडली की खोकला थांबेना.

पत्राचं मी सगळ्या लायब्ररीला सांगून टाकलं होतं; दुपारी रजत सरांनी बोलावलं. केबिनचं दार लावलं. टेबलावर माझ्या मेलची छापील प्रत. संपादकांनी खुलासा मागवलाय. मी वाट पाहिली, ओरडतील. ओरडले नाहीत. चहा मागवला! "मद्रासचं पत्र आलं ना? मी त्यांना मेल टाकला होता. पेपर जोडून. ह्या विषयात काम केलेला माणूस शिफारस करतोय म्हणून त्यांनी केस घेतली. नाहीतर यवतमाळच्या पोरीला कोण विचारतं?"

मग हळूच, "आता त्याच पेपरवर चोरीचा डाग लागला, तर ते काय म्हणतील? मी काही करणार नाही हो. पण अशा गोष्टी पसरतात. तुम्ही समजदार आहात."

चहा तसाच सोडून आले.

४ मे

राजदीप आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं मद्रासचं पत्र मागून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, माह्या पोरीपेक्षा तुह्यं नाव मोठं हाये का?"

म्हटलं, नाही.

"मग कायले विचार करून राह्यली?"

तो बाप आहे. त्याचं चूक नाही. पण बाबा असते तर मी त्यांना हे विचारू शकले नसते.

प्रियंकाला काही सांगितलं नाही. ती आत बॅग भरत होती. महिनाभर आधीच!

५ मे

लिहून दिलं. 'माझी तक्रार गैरसमजातून झाली. संशोधन डॉ. रजत यांचं आहे. मी त्यांच्या सांगण्यावरून फक्त टायपिंग केलं.' खाली सही. सत्यशीला डोमाजी. सरांनी दोनदा वाचलं आणि समोरच पाठवलं.

२१ मे

कॉलेजात सरांचा सत्कार. आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये जिल्ह्यातला पहिलाच पेपर म्हणे. शाल, श्रीफळ, सलोनी मॅडमना पैठणी. पुष्पगुच्छ द्यायला मला बोलावलं. "आमच्या मॅडमनी टायपिंगला फार मदत केली!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात दुखेपर्यंत.

शेजारच्या वॉर्डातून एक बाई विचारत आली, इथं रक्त कुठं मिळतं. तिला कुणीतरी बाहेर नेलं.

९ जून

वर्ध्याहून गाडी. मी, राजदीप, प्रियंका. ती खिडकीशी. प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचते, धाप लागली की थांबते, पुन्हा वाचते.

१२ जून, मद्रास

नळी घालून दाब मोजला. ऑक्सिजन दिला. पुन्हा मोजला.

उतरला! उतरला! भोक बुजवता येईल! इथल्या डॉक्टरीणबाईंनी हातानं खाली खाली करून दाखवलं, राजदीपला त्यांचं इंग्रजी कळेना म्हणून. राजदीप व्हरांड्यात जमिनीवरच बसला. चौदा लेख म्हणत होते तेच. रजत सरांच्या यादीत ही पोर कधीच मेली होती.

तरी स्वतःला समजावलं: त्यांच्या पेपरनंच आलो इथवर. दिलं ते वाया गेलं नाही.

१४ जून

मोठे सर्जन राउंडला आले. सोमवारी ऑपरेशन. मी हात जोडले, इंग्रजीत म्हटलं, "तुम्ही डॉ. रजत यांचा पेपर वाचून आमच्या मुलीला बोलावलंत, फार उपकार झाले." ते फाइल चाळत होते. त्यांनी आमचा फॉर्म काढून दाखवला. वर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याचा आवकेचा शिक्का, खाली रामरावांची ती एक ओळ. इथं सगळे नंबरानं येतात, म्हणाले, तुमचा नंबर जूनमध्ये लागला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुठला पेपर?"