सातव्या ओळीतली पाथरी

२३ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी सव्वानऊला सगळं बदललं. पंपाचं झाकण उघडं होतं, आत वर्षाराणीच्या औषधाचं पाणी होतं, आणि मी त्यात एक बाटली उलटी केली. मग दुसरी. 

लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल. उमापूरच्या सुंदररावांच्या कपाशीत वर्षाराणीची ट्रायल चालू आहे. ती विद्यापीठात पीएचडी करते. मी तिच्या हाताखाली रोजानं — पंप मारायचा, पानं उलटी करून पांढरी माशी मोजायची, आकडे सांगायचे. तिचं औषध विष नाही. आरएनए आहे. माशी पानातला रस ओढते, रसाबरोबर ते तिच्या पोटात जातं, आणि जगायला लागणारी एक गोष्ट तिचं शरीर बनवायचंच थांबवतं. फक्त त्या माशीचं. माणूस, गाय, मधमाशी — कुणाला काही नाही. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं (सरांची कॉलर धरली होती, जाऊ दे ते), पण हे मला एका दमात कळलं. ती सांगत होती म्हणून असेल.

गाडी अडते एकाच ठिकाणी. पानावर पडलेलं आत रसापर्यंत उतरत नाही. तिनं ते मातीच्या बारीक कणांत बसवून बघितलं. दोन फवारण्या झाल्या, माशी जिथल्या तिथं. शुक्रवारी तिचे सर येणार. आकडा हलला नाही तर ट्रायल बंद. ट्रायल बंद म्हणजे ती परत जाणार, आणि मी पुन्हा कुठंतरी ट्रॅक्टरवर.

काल तानाजी — सुंदररावांचा पोरगा — बांधावर बसून म्हणाला, "काय बे उत्तऱ्या, तुझ्या मॅडमच्या गुळणीनं माशीची आंघूळ झाली का न्हाई अजून?" मी ढेकूळ उचलून हाणलं. लागलं नाही त्याला. पण डोकं तापलं ते रात्रभर उतरलं नाही.

आज घरातल्या कोनाड्यातल्या कीटकनाशकाच्या दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या. एकानं माशी मरत नाही म्हणून दोन औषधं एकात एक घालून मारायची, हे आमच्याकडं सगळेच करतात. ओळ सात ते बारा. तिच्या आरएनएच्या ओळी. ती तेव्हा पलीकडच्या नुसत्या पाण्याच्या ओळी मोजत होती. वास जाईल म्हणून लई भ्यालो. वारा तिच्याकडून माझ्याकडं होता.

२४ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी

माशी मेली. सात ते बारा, सगळ्या ओळींत. पान उलटं केलं की पिठासारखी झडते.

वर्षाराणी पान हातात धरून उभीच राहिली. "इतक्या लवकर? याला पाच-सहा दिवस लागतात." मग एकदम हसली. "उत्तरेश्वर, तू नीट मारलंस रे."

तू म्हणाली. तीन महिने तुम्ही-तुम्ही चाललं होतं. आणि नेमकं आज, ज्या दिवशी मी तिच्या तोंडाकडं बघू शकत नाही.

मेलेल्या माश्या तिनं बारीक नळीत भरल्या, बर्फात ठेवल्या. म्हणाली, यांच्या आत बघू, कशानं मेल्या ते कळेलच. कळेलच. हा शब्द दिवसभर कानात आहे.

२४ सप्टेंबर, दुपारी तीन

लई वाईट झालंय. किंवा होणार आहे.

खुरपायला चंद्रभागामावशी होत्या. दुपारी भाकरी सोडली आणि उठून कपाशीत गेल्या, ओळीत उगवलेली पाथरीची रानभाजी उपटून आणली. कवळी, लुसलुशीत. पाण्यात बुचकळली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कच्चीच खायला बसल्या. मी बघितलं कुठून आणली ती. सातव्या ओळीतली.

"मावशी, ती नका खाऊ."

"कावून?"

"औषध मारलंय."

"मॅडम म्हणल्या ना, माणसाला काय करत न्हाई. न्हाईतर आमी खुळ्या हाव का? औषधाच्या रानातली पाथरी आमी तोंडात धरत न्हाई. किती सालानं गावलीय कपाशीतली. घे की तू पन."

वर्षाराणी बाजूलाच डबा उघडून बसली होती. "खाऊ दे रे त्यांना. काही होत नाही." अभिमानानं म्हणाली. तिचा चेहरा बघायला हवा होता.

तेव्हाच सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम. तोंड उघडलं, आणि म्हणालो, माझा मंगळवार आहे, उपास. मावशी हसल्या, "खिचडी खाऊन शिनेमातल्या हिरोवानी बारीक झालाय." आणि दुसरी मूठ घेतली.

मी बघत बसलो.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी

मावशींना उलट्या. शेजारच्या पोरीकडून कळलं. ऊन लागलं असेल. ऊन तर होतंच.

२५ सप्टेंबर, बुधवार. सकाळी

ऊन नाही. तोंडाला फेस आला होता. नवऱ्यानं, आसारामकाकांनी, कालच टेम्पोत घालून बीडला मोठ्या दवाखान्यात नेलं. अजून शुद्ध नाही. डॉक्टर विचारतायत, काय मारलं होतं रानात? सगळे एकच सांगतायत — आरएनए. डॉक्टरांनी वर्षाराणीला फोन केला. तिनं फोन ठेवल्यावर मला शब्द न् शब्द सांगितला. ते म्हणाले, लक्षणं विषबाधेची आहेत, एकाच औषधाची वाटत नाहीत, नाव कळलं तर बरं होईल. ती म्हणाली, नाव नाहीच, त्यात विषच नाही. ते म्हणाले, मग बाई मरायला का टेकली?

हे सांगताना ती रडली. "दुसरं काहीतरी पोटात गेलं असणार त्यांच्या. हो ना, उत्तरेश्वर? पंप तर तूच मारलास ना?"

मी हो म्हणालो. पंप मीच मारला. खोटं नव्हतं ते.

घरी आलो. आतून कडी लावली.

बारा वाजता

तिला मेसेज लिहिला. पुसला. तीनदा.

आसारामकाकांचा पाचटानं कापलेला हात आठवतो. दिवाळीनंतर दोघं कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार होते. कोयता जोडीनंच जातो. एकट्याला मुकादम विचारत नाही.

बाहेर कुत्रं भुंकलं तरी वाटतं आले. मला मारतील त्याची भीती आहे, खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त भीती तिच्या तोंडाची आहे, तिला कळल्यावर होईल त्या तोंडाची. म्हणून एक बाई तिकडं पडलीय आणि मी इकडं लिहीत बसलोय. हे वाचून मलाच माझी किळस येते.

चार वाजेपर्यंत सांगतो. चारला नक्की.

साडेचार

तानाजीचा फोन. शिवी नाही, बे नाही. तिथंच भ्यालो.

म्हणाला, "लोकं कपाशी उपटायला गेलती. मॅडम आडव्या आल्या. म्हणल्या, माझं औषध खोटं न्हाई, बघा. सातव्या वळीतली पाथरी उपटली मूठभर अन् समद्यांम्होरं खाल्ली."

कधी? मी विचारलं.

"आत्ताच की. धा मिनटं झाली. बऱ्या हायत."

सांगितलं. दोन्ही बाटल्यांची नावं सांगितली. मी ओतली म्हणालो. तिला आत्ताच्या आत्ता गाडीत घाल, बीडला नावं कळव, मावशींच्या डॉक्टरांना आधी. मागं माणसांची गलबल होती, ती एकदम थांबली. फोन स्पीकरवर होता. मग लांबून तिचा आवाज आला, फक्त माझं नाव.

तानाजी म्हणाला, "हिकडं ये तू."

जातोय. दार ओढून घेतो. कुलूप लावत नाही — मागाहून येतील त्यांना फोडायला नको.