मीनाक्षी काय वाचते

चि. शार्दूल, तुझं पित्त कसं आहे? मोहालीत बाहेरचं खाऊन वाढलं असणार. अक्षराचा खोकला उतरला, पण झोपताना "आजी, पापा कब आएंगे?" सुटत नाही. मीनाक्षीची मान धरली आहे. विचारलं की "बरी आहे हो आई" एवढंच. माझं तुला ठाऊक आहे. सोमवारी छाती उघडणार. तेव्हा तब्येती विचारून झाल्या, आता मृत्युपत्र.

मी शोभना नंदकुमार गावंडे, वय सदुसष्ट, मूळची अमरावतीची, राहणार चंदीगड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. सेक्टरातल्या सार्वजनिक लायब्ररीत मी फाटकी पुस्तकं शिवायला लागले आणि काउंटरपर्यंत पोचले. कॉलेज पाहिलं नाही. गुरुमुखी दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, कॉम्प्युटर काउंटरवरच्या हरजीतनं शिकवला. माझं दाभण, दोरा आणि दाबपट्टी नात अक्षरा हिला. आधी जाड कागदावर शिकावं, बोट सांभाळावं.

२. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कात्रीनं कापून नेणाऱ्या सभासदाला मी मेल्यावरही माफ करत नाही. नाव लिहीत नाही. त्याचं त्याला कळेल.

३. बँकेतल्या ठेवीतून आधी दवाखान्याचं बिल. उरेल ते शार्दूलचं. यांची स्कूटरही त्याचीच. चिडून किक मारली की ती सुरू होत नाही, हे ध्यानात ठेवावं.

४. राहता फ्लॅट. तो माझ्या एकटीच्या नावे आहे.

इथे ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. दिवाळीनंतर तू मीनाक्षीशी भांडून मोहालीला गेलास. परवा पुन्हा तुझा फोन.

"आई, ती रोज दुपारी लायब्ररीत काय वाचते? कायद्याची पुस्तकं नेते का? तू काउंटरवर असतेस. नाव टाकलं की स्क्रीनवर सगळं दिसतं."

"दिसतं. सांगणार नाही."

"मी तुझा मुलगा आहे, यार!"

"आणि ती माझी वाचक आहे."

"ठीक आहे. तुझं काही झालं ना, की पहिलं दाराचं कुलूप बदलतो. पक्का."

फोन स्पीकरवर होता. मीनाक्षी ओट्याशी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि मीही नाही.

लेका, तुझ्या बारावीत तुझे बाबाही असेच मागे लागले होते. "पोरगा अभ्यासाचं नेतो की गोष्टींचं, तेवढं सांग." त्यांनाही सांगितलं नाही. दोन दिवस अबोला धरला होता त्यांनी. तू तेव्हा काय नेत होतास, ते तुला माहीत आहे.

म्हणून हा फ्लॅट मी सून मीनाक्षी हिला पूर्ण मालकीनं देते. चावीसकट, कुलपासकट. मुलाला नजरचुकीनं डावललं असं कोणी कोर्टात म्हणू नये. जाणूनबुजून डावललं आहे.

५. अंमलबजावणी शेजारच्या डॉ. प्रतिमाताई पाहतील. साक्षीदारांना काही देऊ नये म्हणतात, म्हणून त्यांना आणि हरजीतला नुसता आशीर्वाद.

६. सहीखाली लिहिलेलं धरत नाहीत, म्हणून वरच लिहिते. याचा फोटो आजच तुझ्या फोनवर येईल. रागावशील, रागाव. पण एक बघ. ती काय वाचते हे तू मला फोनमागून फोन करून विचारलंस. तिला एकदाही विचारलं नाहीस. ती सांगेल की नाही, ते तिचं ती ठरवेल. सोमवारी सकाळी मला आत नेतील. त्याआधी विचार. पत्र लवकर लिही. मला नको, तिला लिही.

सही: शोभना नंदकुमार गावंडे

साक्षीदार:
डॉ. प्रतिमा देशकर (सही करणारी शुद्धीवर असल्याचं तपासून)
हरजीत कौर (मजकूर हिंदीत वाचून दाखवल्यावर)

ठिकाण: चंदीगड
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५