मुली औषध कंपनीत का जात नाहीत

३ जुलै, सकाळी ९
संपादकांचा फोन. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना औषध कंपनीतल्या करिअरबद्दल काय वाटतं? आठशे शब्द, पंधरा तारखेपर्यंत. विषय घरचाच. आमची हर्षा नुकतीच बी.फार्म. झाली, हैदराबादच्या कंपनीचं पत्रही आलंय. सतरा तारखेपर्यंत जॉइन व्हायचं. "बाबा, जाऊ ना मी?" म्हणाली. म्हटलं, लेख होऊ दे. अभ्यास चालू असताना निर्णय देणं अशास्त्रीय.

५ जुलै
कॉलेज कॅन्टीनमध्ये सर्वेक्षण. भूपेंद्र नावाचा विद्यार्थी म्हणाला, "काका, कंपनीत बारा घंटे उभं राहून गोळ्याच पाहाच्या, तं आपलं मेडिकल टाकून बसल्या बसल्या काहून नाही पाहाच्या?" पूर्वपक्ष म्हणून टिपून ठेवलं.

८ जुलै
आज मुली. मनाली म्हणाली, "आमाले जाचंच आहे जी. घरचे पाठवत नाहीत." बाकीच्या सहा जणींनी माना डोलावल्या. काय हे पालक! लेखात सोडणार नाही एकेकाला.

९ जुलै
रुपा भाजी चिरता चिरता: "पोरगी रोज तुमच्या तोंडाकडे पाहून राहिली. हो म्हणा, नाही तं नाही म्हणा." बायकोला तत्त्व समजत नाही. बापाने मत लादू नये, हे माझं ठाम मत. उद्या बोलतो.

११ जुलै
बोललो नाही. पोट बिघडलं. शिवाय हैदराबादला जेवण फार तिखट, असं ऐकतो. होस्टेल कसं, कोणास ठाऊक. संकल्प: उद्यापासून कसून चौकशी.

१५ जुलै, दुपार
लेख पाठवला. शेवटचं वाक्य तीनदा वाचलं: 'पालकहो, लेकींच्या वाटेतून बाजूला व्हा.' स्वतःच गहिवरलो. चौकशी राहिली.

१७ जुलै
लेख चौकटीत आलाय, फोटोसह. कारध्याहून हिरालाल मास्तरांचा फोन. म्हणाले, डोळे उघडले जी, नातीला पुण्याला पाठवतो. दिवसभर असेच फोन. हर्षाशी बोलणार होतो. ती लवकर झोपली.

१८ जुलै
चहा झाल्यावर हर्षाला म्हटलं, जा, माझी काही ना नाही. ती तांदूळ निवडत होती.
"तारीख काल होती, बाबा."
रागावली नाही. आवाज नेहमीचाच. दोन खडे बाजूला टाकले. मग म्हणाली, लाखनीच्या एका मेडिकलवाल्याने सोमवारपासून बोलावलंय, सकाळची बस कितीला आहे?
साडेआठला, म्हटलं. हे मात्र लगेच सांगता आलं.